खुलं पत्र: ब्लॉकिंगसाठी विकता तो प्रोटीनचा तुकडा नक्की काय सिद्ध करतो, एवढं तरी डेटाशीटवर लिहा

अँटीबॉडी बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या कंपन्यांच्या टेक्निकल टीमना, आणि पेपर तपासताना "ब्लॉकिंग करून दाखवा" ही कमेंट ज्यांची ठरलेली असते त्या रिव्ह्यूअर मंडळींनाही,

नमस्कार.

मी बेंचवर काम करणारी बाई आहे, वेस्टर्न ब्लॉट (प्रोटीन्स वजनाप्रमाणे वेगळी करून मेम्ब्रेनवर अँटीबॉडीने शोधणं) आणि टिश्यूच्या स्लाईड हेच माझं रोजचं, त्यामुळे हे पत्र थिअरीचं नाहीये, जळलेल्या हातांचं आहे. ब्लॉकिंग म्हणजे इथे काय, तर अँटीबॉडी ज्या तुकड्याविरुद्ध बनवली तोच तिला आधी धरायला द्यायचा आणि मग सिग्नल जातो का बघायचं.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एक पॉलिक्लोनल अँटीबॉडी (म्हणजे टार्गेटच्या वेगवेगळ्या जागा धरणाऱ्या अँटीबॉडींचं मिश्रण) घेतली होती, रॅबिटमध्ये बनवलेली, आमचं टार्गेट ५५ किलोडाल्टन वजनाचं प्रोटीन. ब्लॉटवर बँड आले दोन, एक बरोब्बर ५५ ला आणि दुसरा ७० च्या आसपास, आणि खरं सांगायचं तर ७० वालाच जास्त गडद. आता हा दुसरा कोण? कंपनीकडे त्याच अँटीबॉडीचा कंट्रोल फ्रॅगमेंट मिळत होता, म्हणजे ज्या रिकॉम्बिनंट तुकड्याने रॅबिटला टोचलं तोच तुकडा, वेगळ्या वायलमध्ये, वेगळ्या बिलाने. मागवला, अँटीबॉडीबरोबर अर्धा तास ठेवला, मेम्ब्रेनवर घातला. दोन्ही बँड गायब! लेन अशी कोरी की जणू सॅम्पल लोडच केलं नव्हतं. त्या दिवशी सगळे खूश, मी तर सगळ्यात जास्त. दोन्ही बँड स्पेसिफिक आहेत म्हणजे ७० वाला आपल्याच प्रोटीनचा मॉडिफाईड फॉर्म असणार, फॉस्फेट लागलं असेल नाहीतर युबिक्विटिन चिकटलं असेल, असं बसल्या बसल्या ठरलं, आणि ते पोस्टरवर पण गेलं.

आठ महिन्यांनी नॉकआऊट सेल लाईन, म्हणजे टार्गेटचा जीनच काढून टाकलेल्या सेल्स, हातात आली. पहिलाच ब्लॉट. ५५ चा बँड नाही. ७० चा जसाच्या तसा उभा.

म्हणजे जीनच नाही, प्रोटीनच नाही, आणि तरी तो "स्पेसिफिक" बँड ढिम्म हलत नाहीये. मी पुन्हा तोच फ्रॅगमेंट घालून नॉकआऊटच्या लायसेटवर (फोडलेल्या सेल्सच्या अर्कावर) लावून बघितलं, आणि तिथेही ७० वाला फ्रॅगमेंटने गेला. तेव्हा कुठे डोक्यात ट्यूब पेटली, आणि लाज वाटली, कारण हे पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं.

अँटीबॉडीचा जो पकडणारा भाग आहे, पॅराटोप, तो फ्रॅगमेंटने भरून टाकला की ती अँटीबॉडी त्या पॅराटोपने जे जे काही पकडत होती ते सगळंच सुटतं. खरं टार्गेट सुटतं आणि त्याच पॅराटोपने चुकून धरलेलं परकं प्रोटीनही सुटतं. खिसेकापूचे हात बांधले तर बाजारातल्या सगळ्याच खिशांतली चोरी थांबते, त्यावरून तो नेमका कुणाचा खिसा मारत होता हे कसं कळणार? आणि आपण मात्र चोरी थांबली एवढ्यावरून खिसा कुणाचा ते लिहून मोकळे होतो.

त्यात अजून एक गंमत बघा. तुमच्यापैकी बरेचजण अँटीबॉडी प्युरिफाय कशी करता? तोच फ्रॅगमेंट कॉलमवर बसवून. सीरम त्यावरून सोडायचं, जे चिकटलं ते ठेवायचं, बाकी जाऊ द्यायचं. ठीक आहे, चांगली पद्धत आहे, माझी तक्रार नाही. पण मग वायलमध्ये जे आहे ते सगळं व्याख्येनेच त्या फ्रॅगमेंटला चिकटणारं आहे ना? मग त्याच फ्रॅगमेंटने ब्लॉक झालं यात नवल ते काय! ज्या चाळणीने गाळलं त्याच चाळणीने परत तपासलं, आणि निकाल आला की वा, सगळं चाळणीतून जातंय. ही परीक्षा नापास होणं जवळजवळ अशक्य आहे, आणि जी परीक्षा नापासच होता येत नाही ती पास झाल्याचं कौतुक डेटाशीटवर हिरव्या टिकने कशाला.

फ्रॅगमेंट निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाहीये हं. माझ्या फ्रीझरमध्ये आजही पाच-सहा आहेत आणि मी ते वापरते. फक्त कामाची दिशा उलटी आहे. फ्रॅगमेंट घातल्यावरही जो सिग्नल उरतो तो बघायचा. फ्रॅगमेंट पुरेसा घातला असेल तर तो उरलेला सिग्नल त्याला धरणाऱ्या पॅराटोपमधून आलेला नाही, म्हणजे बहुधा सेकंडरी अँटीबॉडीचा (पहिलीला धरून रंग देणारी ती) आहे, किंवा टिश्यूमधल्या स्वतःच रंग देणाऱ्या पेरॉक्सिडेजचा, किंवा लिव्हर-किडनीतल्या बायोटिनचा, किंवा सेल्सवरच्या एफसी रिसेप्टरमध्ये अडकलेल्या अँटीबॉडीच्या शेपटीचा. ही माहिती सोन्यासारखी आहे. नापास करायला हा कंट्रोल उत्तम, पास करायला कुचकामी. एवढं एक वाक्य तुमच्या डेटाशीटवर असतं तर आमचे आठ महिने वाचले असते.

हे काही मी शोधून काढलेलं नाहीये. २००५ मध्येच जर्नल ऑफ कम्पॅरेटिव्ह न्यूरॉलॉजीच्या संपादकांनी वाचकांना अँटीबॉडीच्या वापराबद्दल खुलं पत्र लिहिलं होतं (म्हणजे खुल्या पत्राची आयडिया पण माझी नाही). २००९ मध्ये ॲड्रेनर्जिक आणि मस्कॅरिनिक रिसेप्टरच्या विकतच्या अँटीबॉडी नॉकआऊट उंदरांवर लावून बघितल्या गेल्या आणि रिसेप्टरच नसलेल्या टिश्यूतही छान रंग आला. २०१६ मध्ये नेचर मेथड्समध्ये अँटीबॉडी व्हॅलिडेशनसाठी पाच मार्ग सुचवले गेले: जीन काढून किंवा दाबून बघा, अँटीबॉडी नसलेल्या दुसऱ्या पद्धतीशी ताडून बघा, दुसरी स्वतंत्र अँटीबॉडी लावा, टॅग (ओळखायला किंवा वेगळं काढायला जोडलेला जादाचा भाग) लावलेलं प्रोटीन बनवून बघा, आणि पकडलेलं मास स्पेकवर (रेणूंचं वजन मोजून प्रोटीन ओळखणाऱ्या यंत्रावर) घाला. या पाचात इम्युनोजेनने, म्हणजे प्राण्याला टोचलेल्या तुकड्याने, ब्लॉक करणं नाहीये. विसरले असतील असं वाटत नाही.

आता तुकड्याबद्दल बोलू, कारण खरी मारामारी तिथे आहे.

पहिलं म्हणजे मात्रा. जुन्या प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं असतं, "अँटीबॉडीच्या पाचपट ब्लॉकिंग पेप्टाईड घ्या", आणि पाचपट म्हणजे वजनाने. ते छोट्या पेप्टाईडसाठी लिहिलेलं आहे, लोक तेच वाक्य उचलून फ्रॅगमेंटला लावतात. हिशोब करून बघा. एक मायक्रोग्रॅम आयजीजी (नेहमीच्या प्रकारची अँटीबॉडी), वजन १५० किलोडाल्टन, म्हणजे साधारण ६.७ पिकोमोल (पिकोमोल हे रेणूंची संख्या मोजायचं माप). पंधरा अमिनो आम्लांचं पेप्टाईड धरा दीड-पावणेदोन किलोडाल्टन, त्याचे पाच मायक्रोग्रॅम म्हणजे तीन हजार पिकोमोल, जवळजवळ साडेचारशेपट. आणि टॅगसकट २५ किलोडाल्टनचा फ्रॅगमेंट पाच मायक्रोग्रॅम घेतला तर तो फक्त २०० पिकोमोल, म्हणजे तीसपट. वजन तेच, पण रेणू पंधरापट कमी. शंभरपट मोलर, म्हणजे रेणूंच्या संख्येने शंभरपट, हवं असेल, आणि बहुतेक सूचना तेवढंच सांगतात, तर त्या एका मायक्रोग्रॅमला जवळजवळ १७ मायक्रोग्रॅम फ्रॅगमेंट लागतो. हे गणित आमच्याकडे नवीन येणाऱ्या प्रत्येकाकडून मी ब्लॉटच्या आधी वहीत करून घेते, कारण "ब्लॉक झालं नाही" म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांपैकी अर्ध्यांचं नुसतं गणित चुकलेलं असतं.

पण गणित करायला आकडे तर द्या! कित्येक अँटीबॉडींच्या डेटाशीटवर कॉन्सन्ट्रेशन नसतं, "लॉटप्रमाणे बदलते, वायल बघा" असं असतं, आणि वायलवर फक्त लॉट नंबर. काही ठिकाणी तर न गाळलेलं अख्खं सीरम विकतात, त्यात टार्गेटच्या कामाची आयजीजी किती आणि रॅबिटची बाकीची किती हे देवालाच माहीत. मग शंभरपट म्हणजे कशाच्या शंभरपट?

कमी घातलं तर नुसतं अर्धवट ब्लॉक होतं असंही नाही. पॉलिक्लोनल असेल आणि दोघांचं प्रमाण बरोबरीला आलं की अँटीबॉडी आणि अँटीजेनचं जाळं बनून गाळ बसू शकतो, हे तर इम्युनॉलॉजीच्या पहिल्या वर्षात शिकवतात. ट्यूब स्पिन केली की अँटीबॉडी तळाला, वर काही नाही, ब्लॉट कोरा, आणि आपण म्हणतो ब्लॉक झालं. म्हणून मी एकच पॉइंट कधी करत नाही. शून्य, एकपट, पाचपट, पंचवीसपट, शंभरपट, आणि बँड उतरत उतरत गेला पाहिजे. आणि अँटीबॉडी तिच्या कामाच्या डायल्यूशनला, उगाच दाट नको.

दुसरं टॅग, यावर तर मी तासभर बोलू शकते. ह्युमन प्रोटीन ॲटलसचं, म्हणजे माणसाच्या प्रोटीन्सचा नकाशा बनवण्याचं, स्वीडनमधलं काम २००३ ला सुरू झालं, तिथे वापरतात ते तुकडे साधारण ५० ते १५० अमिनो आम्लांचे, ई. कोलाय या बॅक्टेरियामध्ये बनवलेले, आणि मुद्दाम असे निवडलेले की माणसाच्या बाकी प्रोटीन्सशी त्यांचं साम्य कमीत कमी असावं. कल्पना झकास आहे. त्या तुकड्यांना हिस्टिडिनबरोबर एक अल्ब्युमिनला चिकटणारा टॅग असतो, स्ट्रेप्टोकॉकसच्या प्रोटीन जी मधून घेतलेला. आता विचार करा, असा टॅगवाला फ्रॅगमेंट शंभरपट जास्त घेऊन तुम्ही माणसाच्या टिश्यूवर ओतताय, आणि त्या टिश्यूत अल्ब्युमिन आहे. फ्रॅगमेंट टॅगच्या बाजूने अल्ब्युमिनला धरू शकतो आणि दुसऱ्या बाजूला अँटीबॉडी लटकलेली. ब्लॉकिंग केल्यावर रक्तवाहिन्यांच्या कडेला नवीनच रंग आला की लोक चक्रावतात आणि स्लाईड फेकून देतात. फेकू नका, तो टॅग बोलतोय.

टॅगची दुसरी भानगड म्हणजे रॅबिटला टोचताना टॅगसकट टोचलेलं असतं, तर टॅगविरुद्धच्या अँटीबॉडी पण बनतात. नीट काम करणारे लोक आधी त्या वेगळ्या कॉलमवर काढून टाकतात. सगळेच काढतात का? आणि ई. कोलायमधून आलेल्या तुकड्याबरोबर ई. कोलायची स्वतःची प्रोटीन्स थोडीफार येतातच, ऐंशी टक्के शुद्ध म्हणजे वीस टक्के इतर काहीतरी, आणि रॅबिट काय निर्जंतुक जगात वाढत नाही, त्याच्या सीरममध्ये ई. कोलायविरुद्ध अँटीबॉडी आधीपासून असू शकतात. सॅम्पल जर बॅक्टेरियाचं लायसेट असेल तर हे सगळं बँड बनून समोर येतं आणि फ्रॅगमेंट घातला की इमानदारीत नाहीसं पण होतं.

यावर उपाय एकच आणि तो अवघड नाही. त्याच टॅगचा, त्याच ई. कोलायमध्ये बनवलेला, त्याच बफरमधला पण संबंध नसलेला दुसरा तुकडा, तेवढ्याच पिकोमोलचा. तो घातला तर बँड हलता कामा नये. मी याला भावंड कंट्रोल म्हणते. अनेक पेपरमध्ये फ्रॅगमेंटची लेन असते आणि तिच्या शेजारी असते फक्त "काही नाही" लेन. काही नाही हा काही कंट्रोल नाही हो, त्यात प्रोटीन नाही, टॅग नाही, आणि बफरही नाही. असे बरेच तुकडे १ मोलर युरियामध्ये येतात. १७ मायक्रोग्रॅम फ्रॅगमेंट म्हणजे, स्टॉक एक मिलिग्रॅम प्रति मिली असेल तर १७ मायक्रोलिटर युरियावालं द्रावण, आणि ते शंभर मायक्रोलिटरच्या ट्यूबमध्ये गेलं. एवढ्याने अँटीबॉडी मरत नाही बहुधा, पण निदान तोच बफर दुसऱ्या ट्यूबमध्ये पण घाला ना.

तिसरं, आणि हे पटकन सांगते. बॅक्टेरियात बनलेल्या तुकड्याला साखर लागलेली नसते, योग्य जागी फॉस्फेट नसतं, डायसल्फाईड जुळलेले असतील याची खात्री नाही, आणि युरियातून काढलेला असेल तर घडी तरी कशी असेल. त्यामुळे फॉस्फो-स्पेसिफिक (फक्त फॉस्फेट लागलेलं रूप धरणाऱ्या) अँटीबॉडीला असा साधा तुकडा लावून "ब्लॉक होत नाही" म्हणणं म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणं. मोनोक्लोनलचंही, म्हणजे एकच जागा धरणाऱ्या एकाच अँटीबॉडीचंही, तेच. तिचा एपिटोप, म्हणजे ती धरते ती जागा, तुकड्याच्या बाहेर असेल, किंवा अख्ख्या घडीतच तयार होत असेल, तर तो तुकडा तिला कधीच ब्लॉक करणार नाही, आणि त्यात अँटीबॉडीचा काहीच दोष नाही. एका कंपनीच्या सपोर्टवाल्याने मला मोनोक्लोनलसाठी शेजारच्या पॉलिक्लोनलचा फ्रॅगमेंट घ्यायला सांगितलं होतं, "टार्गेट तर तेच आहे ना मॅडम". टार्गेट तेच आहे हो, जागा तीच आहे का? एपिटोप कुठे आहे विचारलं तर मॅप केलेला नव्हता.

आणि जिवंत सेल्सवर न्यूट्रलायझेशनसाठी वापरत असाल तर एंडोटॉक्सिनचा (बॅक्टेरियाच्या आवरणातलं विष, म्हणजेच एलपीएस) आकडा लिहा, नाहीतर फ्रॅगमेंटने काही केलं की त्याच्याबरोबर आलेल्या एलपीएसने, हे कधी सुटत नाही.

आता मला आवडणारा प्रयोग सांगते, तुकड्यांचा खरा उपयोग मला इथेच दिसतो. एकाच प्रोटीनचे दोन तुकडे घ्या, एकमेकांवर अजिबात न येणारे, समजा एक पुढच्या टोकाकडचा आणि एक मागच्या, दोन्हींना टॅग एकच. दोन्हींविरुद्धच्या दोन अँटीबॉडी. आता उलटसुलट लावा. पहिली अँटीबॉडी पहिल्या तुकड्याने थांबली पाहिजे आणि दुसऱ्याने थांबता कामा नये, दुसरी दुसऱ्याने थांबली पाहिजे आणि पहिल्याने नाही. टॅग दोन्हीकडे सारखाच असल्यामुळे भावंड कंट्रोल आपोआप फुकटात मिळतो. आणि दोन्ही अँटीबॉडींमध्ये जो बँड कॉमन येतो, त्यावर मी विश्वास ठेवायला सुरुवात करते, कारण दोन वेगळ्या जागांना धरणाऱ्या दोघी एकाच चुकीच्या प्रोटीनवर जाऊन बसतील ही शक्यता कमी. आमच्या त्या केसमध्ये नंतर हे केलं तेव्हा ५५ चा बँड दोन्हींमध्ये होता आणि ७० चा फक्त जुन्या अँटीबॉडीत. एका दिवसाचं काम होतं. नॉकआऊट बनवता येत नसेल, जीन काढला की सेल मरत असेल, तिथे तर हे केलंच पाहिजे.

रिव्ह्यूअर मंडळींनो, तुमच्यासाठी थोडंच. "अँटीबॉडीची स्पेसिफिसिटी पेप्टाईड कॉम्पिटिशनने दाखवावी" असं लिहिता तेव्हा समोरचा माणूस दोन आठवड्यांत कोरी लेन पाठवतो, तुम्ही खूश, तो खूश, आणि साहित्यात अजून एक ७० किलोडाल्टनचा मॉडिफाईड फॉर्म जन्माला येतो. त्याऐवजी नॉकडाऊन (जीन दाबून प्रोटीन कमी करणं) मागा, दुसरी अँटीबॉडी मागा, आणि ब्लॉकिंग आलंच तर भावंड कंट्रोल कुठेय ते विचारा. आणि कृपा करून "ब्लॉकिंग" शब्दाचं काहीतरी करा. मेम्ब्रेनवर दूध पावडर ओततो ते ब्लॉकिंग, एफसी रिसेप्टर झाकतो ते ब्लॉकिंग, रिसेप्टरचं काम बंद पाडणारी ती ब्लॉकिंग अँटीबॉडी, आणि हे पण ब्लॉकिंग. एकदा एका विद्यार्थ्याने "ब्लॉकिंग कंट्रोल केला" म्हणून मनापासून मला बीएसएची (दूध पावडरीऐवजी वापरतात ते प्रोटीन) लेन दाखवली. त्याला काय बोलणार?

कंपन्यांनो, मागणं फार मोठं नाहीये. फ्रॅगमेंटचा पूर्ण सीक्वेन्स द्या, "आमच्या मालकीची माहिती" म्हणून झाकू नका. टॅग कोणता, टॅगसकट वजन किती, बफरमध्ये काय आहे, अँटीबॉडीचं कॉन्सन्ट्रेशन लॉटगणिक किती, आणि ती त्याच फ्रॅगमेंटवर प्युरिफाय केलीय का, हे लिहा. केली असेल तर ब्लॉकिंगचं चित्र "स्पेसिफिसिटी" या मथळ्याखाली लावू नका, दुसरा मथळा शोधा. प्रत्येक टॅगचा एक भावंड तुकडा त्याच बॉक्समध्ये थोडासा घालून द्या, एकच बॅच करून शेकडो प्रॉडक्टना पुरेल. आणि बदलता येतं हेही दिसलंय. २०२३ मध्ये वायकॅरॉस (YCharOS) या अँटीबॉडी तपासणाऱ्या गटाने ६५ प्रोटीन्सच्या ६१४ अँटीबॉडी नॉकआऊट सेल्सशी ताडून बघितल्याचं काम ईलाईफमध्ये छापलं, तेव्हा त्यात सामील कंपन्यांनी न चालणाऱ्या अँटीबॉडींपैकी काही विक्रीतून काढल्या आणि बऱ्याचशांच्या डेटाशीटवरच्या शिफारशी बदलल्या. म्हणजे मनात आणलं तर होतं.

जाता जाता त्या ७० च्या बँडचं. तुमच्यासारख्याच एका कंपनीला सीक्वेन्ससाठी मेल केला, उत्तर आलं गोपनीय आहे. दुसरा केला, फक्त "अमुक ते तमुक क्रमांक" एवढं आलं, तेही जुन्या आयसोफॉर्मच्या (त्याच प्रोटीनच्या दुसऱ्या रूपाच्या) क्रमाने. तिसऱ्या मेलला कुणीतरी भला माणूस होता, त्याने सरळ अक्षरं कॉपी करून पाठवली. दुपारी डेटाबेसवर टाकली. आमच्या तुकड्यातली आठ अमिनो आम्लं ओळीने एका पूर्णपणे वेगळ्या प्रोटीनमध्ये जशीच्या तशी होती. त्याचं वजन बघितलं, ७१ किलोडाल्टन. नंतर त्याचा नॉकडाऊन केला आणि बँड उतरला. पोस्टर अजून आमच्या कॉरिडॉरमध्ये लागलेलं आहे, त्या बँडवर मी मार्करने प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.

तुमची,
एक जुनी गिऱ्हाईक